छातीतलं मशीन आणि रिक्षाचं लायसन्स

रिक्षा चालवताना मला चक्कर आली तेव्हा मागे एकट्या सासूबाई होत्या. बदलापूरहून चामटोलीला चाललो होतो, नणंदेकडे. थंडीची सकाळ, शेतांवर धुकं, लांब चंदेरीच्या डोंगराचा सुळका नुसता हवेत टांगलेला. रस्ता हळूहळू पांढरा होत गेला. मला वाटलं, धुकं दाटलं. इतकं मऊ, इतकं निवांत वाटलं की खरं सांगते, मी घाबरलेसुद्धा नाही. मग कुणीतरी माझ्या गालावर फाडफाड मारत होतं, तोंडावर पाणी ओतत होतं. रिक्षा शेताच्या बांधाला टेकून बंद पडली होती आणि सासूबाई ओरडत होत्या, "अगं ऊठ गं बाई, मला गाडी चालवता येत नाही!"

दोघींना खरचटलंही नाही. पण तपासणीत निघालं की माझं हृदय मध्येच थांबतं. डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. सासूबाई त्याला मशीन म्हणतात, आता मीही तेच म्हणते.

डॉक्टर सांगतील तोवर गाडीला हात लावायचा नाही, डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. आणि रिक्षाचा क्लच, गिअर सगळं डाव्या हातातच! दुपारी पंख्याखाली पडले की अर्धवट झोपेत तो हात आपोआप गिअर टाकायचा. मी स्टेशनच्या स्टँडवरून निघायचे. रस्ते ओळखीचेच, पण दुकानांना दारं नसायची, मागे बसलेल्यांना चेहरे नसायचे, आणि कितीही गेलं तरी उतरायचं ठिकाण यायचं नाही. जाग आली की उशीवर कान दाबून ऐकत राहायचे. ही धकधक माझी की मशीनची? कोण कुणाला चालवतंय? त्या वेळी घरात फक्त सासूबाई असायच्या, नवरा अंबरनाथला कंपनीत. कुणाला विचारणार?

सासूबाईंनी तर त्या दिवसापासून जाहीरच करून टाकलं होतं की माझ्या रिक्षात पुन्हा पाय ठेवणार नाही. "तुझ्याशी वैर नाही गं माझं. पण मरायचंच असलं तर मी आपली घरात मरेन." असं तोंडावर! वर मला गरम भाकरी वाढत वाढत. काय बोलणार अशा बाईला?

त्यात माझं लायसन्स संपत आलं. प्रवासी गाडीचं लायसन्स पुन्हा करून घ्यायचं म्हणजे डॉक्टरचा फिटनेसचा दाखला लागतो. तो मिळाला नाही तर बॅज गेला, रिक्षा गेली, आणि मी पुन्हा लोकांच्या घरी पोळ्या लाटायला. पोळ्यांना मी कमी लेखत नाही. पण स्टँडवर नंबर लावून, पायावर पाय टाकून, स्वतःच्या गाडीत चहा पिण्याची चव ज्या बाईला एकदा लागली, तिला विचारा.

लायसन्सची कामं करून देणाऱ्या अंबरनाथच्या एजंटकडे गेले. तो हसला. "ताई, मशीनचं सांगताच कशाला? हात दाखवून अवलक्षण! ब्लाउजच्या आत कोण बघतंय? टेन्शन नका घेऊ, दाखला मी आणून देतो." मी हो म्हणून आले. खुशीतच आले. घरी सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या, त्यांना सांगितलं.

"घे की," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सगळ्यांना फसव. मला नाही फसवता यायचं. मी मागे बसले होते."

माझं डोकं असं फिरलं! ताट सरकवलं, जेवले नाही. पण ते वाक्य काही केल्या कानातून जाईना. ज्यांना चेहरे नव्हते ती स्वप्नातली माणसं आठवली. दुसऱ्या दिवशी एजंटला फोन करून नको म्हणून सांगितलं, आणि उल्हासनगरला माझ्या हृदयाच्या डॉक्टरांकडे मशीन तपासून घ्यायला गेले.

तिथे एका मुलीने साबणाच्या वडीएवढं काहीतरी माझ्या छातीवर ठेवलं आणि समोर लॅपटॉप उघडला. "ताई, आता जरा वेग वाढवते हं." तिने बटण दाबलं, आणि बाई गं! मी खुर्चीत बसलेली, आणि छाती मात्र घाट चढायला लागली. मग तिने हळूच खाली आणलं. डोळे मिटून मी नुसती बसून राहिले. कुणीतरी दुसरंच मला चालवत होतं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर होते.

"अजून थांबतं का हो ते?" मी विचारलं.

"थांबतं ना. म्हणून तर मशीन आहे."

"मग मला कसं कळत नाही?"

"कळू नये म्हणूनच बसवलंय, ताई."

डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही असं लिहून दिलं. बाहेर आले. फर्निचरच्या दुकानांसमोर सोफे प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभे होते, कुणीतरी हातगाडीला वाट मागत होतं, आणि मी तिथेच थबकले. म्हणजे केस विंचरताना, भाजी घेताना, सासूबाईंशी भांडताना मी मध्येच थांबले असेन, पुन्हा सुरू झाले असेन, आणि भांडण तसंच पुढे चालू राहिलं असेल. मला हसू आलं. मग रडूही आलं.

घरी सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे अजून थांबतं?" सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि मशीन चुकलं तर?"

"तर त्या दिवशीसारखं."



दाखला देणाऱ्या डॉक्टरांना मशीनचं मी आपणहून सांगितलं. त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी दोनदा वाचली, भिंतीवरची अक्षरं माझ्याकडून वाचून घेतली, हात वर करायला लावले. "चक्कर आल्यासारखं वाटलं तर काय कराल?"

"गाडी बाजूला, चावी बाहेर, पॅसेंजर खाली. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा हँडलला हात नाही."

त्यांनी सही केली. जीव भांड्यात पडला. पुढचं सगळं रीतसर झालं आणि एक दिवस पोस्टाने लायसन्स घरी आलं.

सकाळी रिक्षा पुसत होते. सासूबाई नेसून, पिशवी घेऊन दारात उभ्या. "चामटोलीला सोड."

मी फडकं हातात धरून बघतच राहिले.

"ब्रेक कुठला तो दाखव आधी."

दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं. "माझा पाय नाही पोचायचा मागून."

"मग नका बसू!"

"बसते गं. लगेच काय चिडतेस?"

निघालो. आरशात त्या दिसत होत्या, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरलेला, नजर माझ्या पाठीवर. ऊन कोवळं होतं, रस्ता मोकळा. बरंच पुढे गेल्यावर आरशात पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले. भीतीने मिटले असणार. मला रागच आला, एवढा खरा दाखला आणूनही! काहीतरी लागेल असं बोलणार, तेवढ्यात इंजिनाच्या आवाजातून दुसरा एक आवाज आला. सासूबाई घोरत होत्या. हात दांड्यावरून सुटून मांडीवर पडले होते.

नणंदेचं घर आलं, तरी त्यांचं घोरणं चालूच होतं. मी गाडी थांबवली नाही, तशीच पुढे नेली.