खंडेनवमीला काढलेला कचरा

मालकाच्या मेहुण्यावर माझा राग आहे आणि तो जाणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी दोन्ही बाजू बघून लिहीन अशी कुणी आशा धरायला नको.

अंबडला आमचा सुटे भाग करणारा कारखाना. तिथला सर्व्हर मी सांभाळते. माझ्या आधी बाबा तिथंच ड्रॉइंग काढायचे, बोर्डापाशी उभं राहून, पेन्सिलीनं. डोळे गेले तसे ते घरी बसले. त्यांच्या कागदांना वाळवी लागायला लागली तेव्हा मी सगळी ड्रॉइंग स्कॅन करून सर्व्हरवर ठेवली. कागद पुढं टिकले नाहीत. म्हणजे बाबांची उभी हयात त्या एका फोल्डरात उरली होती.

शेठनी मेहुण्याला कॉम्प्युटरचा प्रमुख केला. का, ते विचारू नका. बायकोचा भाऊ, एवढी पात्रता पुरते. 'सर्व्हरसाठी उपयुक्त कमांड' असली फॉरवर्ड तो ऑफिसच्या ग्रुपवर ढकलायचा आणि वर मला म्हणायचा, "मॅडम, वाचत जा, अपडेट राहा." ज्या कमांडवर मी पोट भरते त्या हा मला शिकवणार! अरे बाबा, टीप द्यायचीच तर ही दे ना, की पुसायची कमांड मारण्याआधी तिला नुसती नावं दाखवायला लावावी, काय काय जाणार ते डोळ्यांनी बघावं, मग हात चालवावा. पासवर्ड याला देऊ नका, असं मी शेठना कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. माकडाच्या हाती कोलीत दिलंच त्यांनी.

खंडेनवमीला आमच्या सगळ्या मशिनी बंद. सकाळी लोखंडाचा चुरा झाडायचा, तेल पुसायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार, आणि मग दिवसभर मशिनला हात लावायचा नाही. सर्व्हर तेवढा चालू असतो, पण हार त्यालाही. शेठ ताट घेऊन सर्व्हरच्या खोलीत आले, मागे आम्ही सगळे. मेहुणा फुशारकीनं म्हणाला, "दाजी, मीपण सकाळी सर्व्हर साफ केला. दोन वर्षांत कुणी न उघडलेल्या फाइली एका कमांडीत उडवल्या. सगळा कचरा काढला."

बाबांनी काढलेली जुन्या डायची, म्हणजे साच्यांची, ड्रॉइंग रोज कोण उघडतं? लागतील तेव्हा लागतात. शेजारच्या डिस्कवर दुसरी प्रत होती, पण ती रोज दुपारी बाराला आपोआप सर्व्हरशी जुळवली जायची. सर्व्हरवर जे नाही ते तिच्यावरूनही पुसलं जायचं. जागा पुरत नाही म्हणून शेठनीच तसं लावायला लावलं होतं. आणि बारा वाजतच आले होते.

मी पुढं झाले तर मेहुणा आडवा. "मॅडम, आज हात लावायचा नसतो."

"फाइली कायमच्या जातील," मी म्हटलं.

"आरती होऊ द्या, मग बघा," शेठ म्हणाले आणि टाळ्या सुरू झाल्या.

मेहुण्याला मी खांद्यानं बाजूला सारलं, हाराखाली हात घातला आणि डिस्कची वायर उपटली. हार तुटला, निरांजन विझलं, झेंडू सगळ्यांच्या पायांत आले. कुणीतरी "अपशकुन" पुटपुटलं. शेठ सगळ्यांदेखत मला नाही नाही ते बोलले. मेहुण्याला एक शब्द नाही.

डिस्कवर बाबांची सगळी ड्रॉइंग शाबूत होती. नंतर मी ती परत चढवली, तर मेल्यानं ग्रुपवर टीप टाकली, 'डेटाची दुसरी प्रत नेहमी ठेवा.'

पण त्या संध्याकाळी मी सिडकोत घरी पोचायच्या आधीच शेठचा फोन बाबांना पोचला होता.

"पूजेच्या दिवशी मशिनला हात लावलास?" बाबा म्हणाले. "त्या कारखान्यात जन्म काढला मी, असं कधी केलं नाही. उद्या जाऊन माफी माग."

मी सांगायला तोंड उघडलं. पण सांगायचं तर मेहुण्यानं काय पुसलं आणि त्याला तो काय म्हणाला, तेही सांगावं लागलं असतं. कचरा हा शब्द बाबांच्या कानावर घालायची माझी छाती झाली नाही.

"मागते," मी म्हटलं.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन मी शेठच्या घरी गेले आणि माफी मागितली. मेहुण्यानं माझ्या हातातलं सोनं घेतलं आणि म्हणाला, "जाऊ द्या मॅडम, चुकतं माणूस."