लांबच्या नात्याचं रक्त

ब्याडगीच्या मिरची बाजारात गदिगेप्पा पोत्यांची तोंडं शिवायचा. तरुणपणी एकदा भरल्या पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली, मांडीचं हाड मोडलं आणि त्याला हुबळीला नेलं. तिथे कळलं, की याचा रक्तगट फार दुर्मिळ, बॉम्बे ग्रुप म्हणतात तो. ना भावांचं जुळलं, ना बायकोचं. शेवटी दावणगेरेहून कुणी एक माणूस आला आणि रक्त देऊन निघून गेला. गदिगेप्पा शुद्धीवर आला तेव्हा त्या माणसाचं नावसुद्धा कुणाला सांगता येईना.

त्यानंतर दवाखान्यातून फोन आला की गदिगेप्पा हातातलं दाभण खाली ठेवून निघायचा. कधी हुबळी, कधी बळ्ळारी, एकदा तर थेट हैदराबाद. बाजारातले हमाल चिडवायचे, "अण्णा, पुण्याचं पोतं किती भरलं?" त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. "कसलं पुण्य? उद्या मी पडलो तर माझ्यासाठी कोण येणार? स्वतःची सोय करतोय." बायको नागव्वालाही तो हेच सांगे. तिला ते पटायचं, आणि तीच त्याला भाकरी बांधून द्यायची.

नागव्वा गेली. मुलगा बंगळुरात रमला. पासष्टी उलटल्यावर हुबळीच्या रक्तपेढीतल्या डॉक्टर पाटील म्हणाल्या, "आता पुरे, अज्जा. यापुढे तुमचं रक्त घेता येणार नाही."

खरं तर सुटका झाली होती. आता लागलं तर रक्त घेण्यापुरता हक्क उरला होता, देण्याची दगदग संपली होती. पण फोन गप्प झाला तसं घर त्याला खायला उठलं. स्वयंपाक करावासा वाटेना. सुईखाली पडल्या पडल्या तो नेहमी एकच विचार करायचा, की भिंतीपलीकडे आपल्याच रक्ताचं, लांबच्या नात्यातलं कुणीतरी आहे. हे त्याने नागव्वालाही कधी सांगितलं नव्हतं. सांगायची लाज वाटायची.

वर्षभराने डॉक्टरांचा फोन आला, तो वेगळ्याच कामाचा. हावेरीत रेवती नावाची नवी सून होती, तिचं रक्त याच गटाचं. हुबळीत एक बाई बाळंतपणात अडली होती, तिला हेच रक्त हवं होतं, आणि सासू रेवतीला सोडायला तयार नव्हती. तुम्ही बोलून बघाल का, असं त्या विचारत होत्या.

सासू कल्लव्वाने त्याला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि सरळ विचारलं, "यात तुमचा काय फायदा?"

"माझा काही नाही. माझं वय संपलं."

"मग उगाच कोण एवढ्या लांब येतं? आमची पोर वाळून गेली तर दवाखानेवाले बघायला येतील?"

गदिगेप्पाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मनातली गोष्ट सांगितली असती तर बाईने त्याला वेड्यात काढलं असतं. म्हणून त्याने जुनंच उत्तर काढलं. "आक्का, उद्या हिचं बाळंतपण येईल. रक्त लागलं तर तुमचं चालणार नाही, हिच्या आईचं चालणार नाही. आज ही गेली नाही, तर त्या दिवशी कुणाच्या तोंडाकडे बघून मागाल?"

कल्लव्वाने सुनेकडे पाहिलं आणि हुबळीला निघायला ती स्वतःच उठून पदर सावरायला लागली.

हुबळीत रेवती आत गेली. कल्लव्वा दाराशी अडून राहिली, गदिगेप्पा बाकावर बसला. येणाऱ्याजाणाऱ्या नर्स नव्या होत्या, त्याला कुणी ओळखलं नाही. थोड्या वेळाने रेवती हाताला पट्टी लावून, हातात बिस्किटांचा पुडा घेऊन बाहेर आली. तिचा चेहरा उजळला होता. ते तेज गदिगेप्पाच्या ओळखीचं होतं. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

परतीच्या बसमध्ये कल्लव्वा म्हणाली, "पुढच्या वेळी हिचा दीर घेऊन येईल. तुम्ही या वयात कशाला त्रास घेता?" भल्यासाठीच म्हणाली ती. गदिगेप्पाने मान हलवली.

हावेरीला उतरताना रेवती मागे वळली. "अज्जा, तुम्ही इतकी वर्षं का जात होतात?"

मघाचं उत्तर पुन्हा द्यावं असं त्याला वाटेना. दुसरं सांगायला तोंड उघडलं, तोवर कंडक्टरने घंटी दिली आणि सासूने तिचा दंड धरून तिला खाली उतरवलं.

बस ब्याडगीकडे निघाली. शेजारची जागा रिकामी झाली होती. गदिगेप्पा तरीही खिडकीशी सरकून, शेजारी आपलं कुणी बसणार असल्यासारखा, अंग चोरून बसून राहिला.