गप्प मावशी बोलली

मे महिना, दुसरा रविवार, दुपारच्या जेवणाची वेळ. ठिकाण: नेरूळ, सहाव्या मजल्यावरचा आमचा हॉल. हजर: मी, माझे सासरे आबा, नणंदेची नात चिनू. माझा नवरा नंदू गॅलरीत फोनवर होता, त्याला हजर धरत नाही.

मी सोसायटीची सेक्रेटरी आहे, घरातलंही सगळं नोंदवून ठेवते. लिफ्ट आपोआप वरखाली गेली की लोक भुताचं कुजबुजतात, मी मेकॅनिकला बोलावते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता...

फेब्रुवारीत सासूबाई गेल्या आणि आबांचं खाणं कमी होत गेलं. दिवाळे गावात जन्मभर होडी चालवलेला माणूस, पण मनगट माझ्या दोन बोटांत मावायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, आठवडाभर बघू, नाहीतर नळी घालू.

त्या दिवशी बोंबलाचं कालवण केलं होतं.

"मना भूक नाय," आबा म्हणाले.

"चारच घास, आबा."

"तुला लिवायचाच असतंय ना सगला? लिव, आबा जेवले म्हून."

टीव्हीवर चिनूचं कार्टून चालू होतं, हिंदीतलं. त्यातल्या बाजारात हिरोच्या मागे एक मासेवाली बसलेली असते. हिरवी साडी, पुढ्यात पाटी. तिला नाव नाही, एक वाक्यही नाही. चिनू तिला 'गप्प मावशी' म्हणते.

हिरो पळत बाजूला गेला. मावशीने मान वर केली आणि सरळ आमच्याकडे बघितलं.

"यमीचे बापूस, जेवान थंड होतंय."

बोली आमच्या घरातली. आवाज सासूबाईंचा.

यमी ही त्यांची पहिली मुलगी, तान्ही असतानाच गेली. गावात सगळे आबांना 'नंदूचे बापूस' म्हणायचे. यमीचं नाव फक्त सासूबाईंनी चालू ठेवलं होतं — तेही घरातच.

"आलू गो, आलू," म्हणत आबांनी ताट ओढलं. सगळं संपवून वर भात मागितला.

"मामीआजी, गप्प मावशी बोलली," चिनू म्हणाली.

मग मी तपासायला लागले. तोच एपिसोड मोबाईलवर पुन्हा पुन्हा लावला — मावशी मान खाली घालून गप्प. एसी चालू, म्हणून खिडक्या बंद. शेजारी मल्याळी कुटुंब. सासूबाईंचं रेकॉर्डिंग कोणाकडेच नाही. फोन समोर धरला की त्या तोंडावर पदर घ्यायच्या.

नंदू आत आला, म्हणाला, "ग्रुपवर भुताचे मेसेज टाकणाऱ्यांना झापणारी तूच ना?"

"आधी आबांचं ताट बघ," मी म्हटलं. तो ताटाकडे बघत खाली बसला.

आबा आता जेवतात, नळीचा विषय संपला. हे कसं झालं ते मला माहीत नाही, आणि शोधणं मी ठरवून थांबवलंय.

पण काल जेवता जेवता आबा म्हणाले, "ती दिसली ना, तं इचार तिला. यमी तिचे संगती हाय का?"

"विचारते," मी म्हटलं. हातात घेतलेलं काम मी मागे ठेवत नाही.

आज कार्टून लागलं. आबा झोपलेले, चिनू तिच्या घरी, हॉलमध्ये मी एकटी. मावशी दिसली. मी तोंड उघडलं... आणि हिरो मधे आला.

विचारायचं राहिलंय.