आंब्यावरचा हिरवट वटवट्या

वटवट्या हे नाव ज्याने ठेवलं त्याला एकदा आमच्या वाडीत आणून उभं करावं, असं मला फार वाटायचं. चिमणीहून लहान, काटकुळा, पानाच्या रंगाचा पक्षी. दिवसभर आंब्याच्या मोहोरात किडे वेचत फिरतो. पुस्तकात लिहिलंय की हा सारखा आवाज करतो, तेव्हा आवाजावरूनच ओळखावा. मी अख्खा हिवाळा त्या आंब्याखाली मान वर करून काढला. वटवट सोडाच, त्याने माझ्यासमोर चकार शब्द काढला नाही.

रेवदंड्याजवळ आमची नारळी-पोफळीची लहानशी वाडी आहे. माझी नोकरी मात्र कारखान्यात झाली, पत्रे दाबून त्यांचे भाग काढणाऱ्या प्रेस मशीनवर. निवृत्त झालो तेव्हा मुलीने दुर्बीण आणून दिली. बाबा झाडाकडे बघत बसले तर आईला जरा शांतता मिळेल, असा तिचा हिशोब असणार. मी तापट आहे, सारखा ओरडतो, हे आमच्या घरात सगळे धरूनच चालतात.

खंड्या, दयाळ, भारद्वाज लगेच जमले. ते कोणालाही जमतात. वटवट्यांनी मात्र माझा घाम काढला. सगळे एकाच डायमधून, एकाच साच्यातून काढल्यासारखे. डोळ्यावरची फिकट भुवई बघा, पंखावर बारीक रेघ आहे का बघा, पायांचा रंग बघा. आणि हे सगळं तो पक्षी पानाआड जायच्या आत बघा! कितीदा तरी मी आमच्याच वाडीतल्या शिंपी पक्ष्याला वटवट्या समजून बायकोला हाक मारली आणि ती हात पुसत बाहेर येईपर्यंत चूक कळून स्वतःवरच चरफडलो.

शेवटी दोन जाती पक्क्या झाल्या. एक तपकिरी, कुंपणाच्या करवंदीत खाली खाली फिरणारा बोरू वटवट्या. तो ‘टक्’ करतो, दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसं. कुंपणात टक् झालं की दुर्बीण उचलायच्या आधी मी नाव घ्यायचो, आणि त्याचा मला गर्वही होता. दुसरा हा आंब्यावरचा हिरवट वटवट्या. त्याला मी फक्त डोळ्यांनी ओळखायचो, कारण तो मुका होता. हे पक्षी थंडीपुरते उत्तरेकडून येतात. मी मनाशी ठरवून टाकलं की परक्या घरी पाहुणा कमी बोलतो, तसं हे असणार. चहाच्या टपरीवर चार जणांना तसं ठासून सांगितलंही.

मग एका रविवारी अलिबागहून पक्षी बघणारा गट आमच्या वाडीत आला. त्यांना घेऊन येणाऱ्या बाई कॉलेजात शिकवतात. आंब्याखाली आल्या आल्या त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाल्या, "ऐकलंत? हिरवट वटवट्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

मी म्हटलं, "बाई, तो इथे बोलत नाही."

"अहो काका, आत्ता बोलला. हा बघा, परत."

माझं डोकं फिरलं. पोफळीची पानं स्वच्छ दिसत होती, कुंपणातला टक् ऐकू येत होता, आणि ही सुशिक्षित मंडळी माझ्याच वाडीत उभी राहून मला वेड्यात काढत होती. एकाने बोट वर केलं म्हणून बाकीचे माना डोलावतात, ही पद्धत मी कारखान्याच्या मीटिंगांत भरपूर बघितली होती. "उगाच काहीतरी सांगू नका," असं मी चांगलंच आवाज चढवून म्हटलं. तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन आली.

"सकाळपास्नं वरडतोय की तो," ती म्हणाली. "रोजच वरडतो. तुमाला ऐकू येत न्हाय?"

बाईंनी मोबाईलवर त्या पक्ष्याचा आवाज लावला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. पडद्यावर आवाजाच्या रेषा वरखाली होत होत्या. आवाज पूर्ण मोठा केला होता. मी मोबाईल कानाला लावला, या कानाला, त्या कानाला. रेषा उड्या मारत होत्या आणि कानात काही नव्हतं. चहा पिऊन मंडळी जरा लवकरच निघाली.

अलिबागच्या कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर आलेख काढून दाखवला. रेघ बरीच सरळ चालत होती आणि मग एकदम खाली कोसळत होती. बारीक, उंच आवाज गेले, ते म्हणाले. शब्दांतले स, च, त असे आवाजही निसटत असतील. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "काम कुठे करत होता?"

कुठे करत होतो! कानात घालायचे बोळे आमच्या खात्यात होते. चांगले रबरी होते. ते सुपरवायझरच्या कपाटात कुलपात असायचे. बाहेरून तपासणी यायची असली की सकाळी वाटायचे, आणि तपासणीवाल्यांची गाडी फाटकाबाहेर गेली की परत गोळा करायचे. कोणाच्या कानातले कोणाच्या कानात जायचे, कोण बघतो? कोणी ठेवून घ्यायला मागितले तर सुपरवायझर म्हणायचा, "कान बंद केलेस तर मशीन काय म्हणतंय ते तुझा बाप ऐकणार का?" आणि आम्हाला ते पटायचं, कारण ते खरंच होतं. डाय जरा सरकला की ठोक्याचा आवाज बदलतो आणि चांगला कामगार पाठमोरा उभा असला तरी तो ओळखतो. माझ्या या कानाचं तोंडभर कौतुक व्हायचं. निरोपाच्या दिवशी भाषणात साहेबांनी त्या कानाचा खास उल्लेख केला, हार घातला, आणि मी मूर्खासारखा हसत होतो. आज तो माणूस समोर आला तर तो हार त्याच्याच गळ्यात घालीन आणि जरा आवळीनही.

डॉक्टर म्हणाले, यंत्र लावा, बोलणं बरंच कळेल, पण त्या पक्ष्याचं वचन देत नाही. यंत्र लावलं. घरात बरं चालतं. वाडीत वारा सुटला की झावळ्यांची सळसळ पत्रा फाडल्यासारखी डोक्यात घुसते, म्हणून वाडीत शिरताना काढून ठेवतो.

पण पक्षी राहू द्या. खरा संताप मला वेगळ्याच गोष्टीचा येतो. गेली कित्येक वर्षं मी बायकोला म्हणत आलो, पुटपुटू नकोस, नीट बोल. ती म्हणायची, मी नीटच बोलतेय, तुमचं लक्ष नसतं. त्यावरून भांडणं, अबोले, जेवणाची ताटं बाजूला सारणं, सगळं झालं. ती मला हेकट समजत राहिली आणि मी तिला घुमी. आमच्या खात्यातल्या जुन्या सोबत्यांना फोन केला तर तेही फोनवर ओरडतात आणि त्यांच्या बायकाही म्हणतात, यांचा स्वभावच असा. एका कपाटाच्या किल्लीने इतक्या घरांत भांडणं लावली आणि कोणाला त्याचा जाब द्यावा लागला नाही. हे मी गिळू शकत नाही, आणि गिळणारही नाही.

बाईंनी जाताना एक सांगून ठेवलं होतं. उत्तरेकडे परत जायच्या आधी, उन्हं तापायला लागली की, हा वटवट्या नुसता चिवचिवत नाही, गातो. होळी होऊन गेली तशी बायको एका सकाळी मला दंडाला धरून आंब्याखाली घेऊन आली. वर बोट दाखवलं. मोहोर झडून बारक्या कैऱ्या धरलेल्या फांदीवर तो बसला होता. मी दुर्बीण लावली. चोच उघडत होती, मिटत होती, गळ्याची पिसं थरथरत होती. इतक्या दिवसांत मी त्याला इतका स्वच्छ कधी बघितला नव्हता.

"कसा गातोय?" मी विचारलं.

ती हळूच काहीतरी म्हणाली.

"काय?"

ती पुन्हा म्हणाली, जरा जवळ येऊन. मला ओठ हललेले दिसले.

"अगं, काय?"

"गोड गातोय हो!" ती ओरडली.

ते मला नीट ऐकू आलं. फांदी रिकामी हलत होती.