फोटोतला कोपर

आमच्या पांढुर्णा-सौसर भागात फोटो काढणारे आता इतके झालेत, की तळ्यावर निवांत बसलेल्या बगळ्यालाही आपण काही गुन्हा केलाय असं वाटावं. या साऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि त्या ग्रुपात केशवराव आहेत. पांढुर्ण्यात त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर ते लोकांचे डोळे तपासतात आणि फावल्या वेळात लोकांची नजर.

त्यांची पद्धत ठरलेली. आधी ‘जमलं’, मग ‘पण’. रामाकोन्याच्या कुणालनं खंड्याचा फोटो टाकला तेव्हा ते म्हणाले, "जमलं. पण पाखरू पार काठाले चिकटवलं तू. चोचीपुढं जागा ठेव ना बाप्पा, उडन कुठून ते?" मी तिगाव स्टेशनवरचा सूर्यास्त टाकला. "जमलं. पण स्टेशन घसरून राहिलं. प्रवाशायले खांब धरून उभं राहा लागन." मी आठवडाभर रुसलो आणि मग फोन सरळ धरायला शिकलो. त्यांच्या ‘पण’मुळे आजवर कुणी ग्रुप सोडलेला नाही.

म्हणूनच ‘पण’ आलं नाही तेव्हा उर्मिला घाबरली. उर्मिला बोरगावची, केशवरावांच्या थोरल्या बहिणीची, वच्छलाबाईंची सून. रविवारी सौसरला आमच्या ग्रुपाचं प्रदर्शन होतं, प्रत्येकाचा एकच फोटो. चारचौघांत फोटो मांडायची तिची ही पहिलीच वेळ. तिनं सासूबाईंचा संत्र्यांसोबतचा फोटो टाकला. केशवरावांचं उत्तर आलं, "छान." पुढं काही नाही.

तिनं लगेच फोन लावला. "मामाजी, फोटो एवढा वाईट हाये का?"

"छान म्हटलं ना."

"तेच तर. तुमी कोनाले छान म्हनत नाई. आता खरं नाई सांगितलं, तर रविवारी भिंतीवर माहं हसं होईन."

केशवरावांची अडचण अशी की गेल्याच महिन्यात वच्छलाबाईही ग्रुपात आल्या होत्या आणि एकेक अक्षर वाचत होत्या. जिनं कडेवर घेऊन वाढवलं, तिच्या फोटोत खोट काढायची कशी? पण सुनेचा प्रश्न त्यांना झोंबला. दुसऱ्या दिवशी दुकान अर्ध्या दिवसात बंद करून ते बोरगावला निघाले. स्कूटरवर मागं मला बसवलं. भांडण झालंच तर मध्ये घालायला कुणीतरी हवं.

बागेत वच्छलाबाई संत्री निवडत होत्या. केशवरावांनी घसा साफ केला.

"ताई, तुहा फोटो जमला. पण ठेवणीतलं लुगडं नेसून, हात जोडून तू मतं मागून राहिली त्यात."

उर्मिलानं फोन उघडून तो फोटो पुन्हा पाहिला.

"हे सांगाले दुकान बंद करून आला?" वच्छलाबाई म्हणाल्या. "तुह्या लग्नात तू कसा उभा होता, आठोते? फोटोवाल्यानं हलवून पायलं, जिता हाये का म्हनून."

"तो फोटो मी भिंतीवर नाई लावला."

"लावशीन कसा? सूनबाई, याले चहा देजो नोको." असं म्हणत त्यांनी हातातलं संत्रं भावावर उगारलं. केशवरावांनी हात आडवा धरला. आणि उर्मिलाच्या फोनचा ‘क्लिक’ आवाज झाला.

संध्याकाळी तो फोटो ग्रुपात आला. एक हात संत्र्यांच्या ढिगात, दुसऱ्यात उगारलेलं संत्रं, डोळ्यांत राग आणि ओठांतून निसटलेलं हसू. डाव्या कडेला निळ्या शर्टातला एक कोपर.

केशवरावांनी लिहिलं, "जमलं. पण कडेचा तो कोपर काप."

उर्मिलानं लिहिलं, "मामाजी, कोपर कापला तर सासूबाई संत्र्यावर रागावल्यावानी दिसतीन. कोपर राहीन."

केशवरावांना आजवर असं उलट कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांचं उत्तर आलं, "जमलं." त्यापुढं काही येतं का, म्हणून आम्ही वाट पाहिली. आलं नाही.

रविवारी सौसरला वच्छलाबाई आपल्या फोटोशेजारीच उभ्या होत्या. आल्यागेल्याला बोटानं कोपर दाखवत होत्या, "हा माहा लहाना भाऊ." आणि शेजारी केशवराव, तोच निळा शर्ट घालून, लोकांना ओळख पटावी म्हणून कोपर जरा बाहेर काढून.