गाडी उपाशी ठेवायची नाही म्हणे

उद्या दोन महिन्यांसाठी मस्कतला नवऱ्याकडे चाललेय. इलेक्ट्रिक गाडी अंगणातच उभी राहणार. इतके दिवस उभी ठेवताना बॅटरी साधारण निम्मी ठेवा, असं शोरूमवाल्याने बजावलं होतं. काल तेवढी करून ठेवली.

आज सकाळी बघते तर शंभर टक्के. सासूबाईंनी परस्पर चार्जिंगला लावलेली. "दोन महिने एकटी राहायची, तिला उपाशी कशी ठेवायची?"

मग भर उन्हात एसी फुल लावून हातखंबा गावापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. इकडे बॅगा रिकाम्याच. बॅटरी निम्म्यावर आणून घरी आले, आंघोळ करून बाहेर येते तर पुन्हा प्लग लावलेला.

"दमून आलीय गो ती."

आता तुम्हीच सांगा, मस्कतला चार्जिंगची केबल घेऊन जाऊ की सासूबाईंना?