मुहूर्त टळू नये म्हणून

विमान पडल्याचा पंचनामा मी उभ्या नोकरीत एकदाच केला, आणि ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही. दसरा उलटला होता, पण पाऊस हटायला तयार नव्हता. धायरीच्या एका जमीनमालकाने शेतावर फ्लॅट बांधायला काढले होते. भूमिपूजनाला विमानातून पुष्पवृष्टी व्हावी, ही त्याची हौस. भाड्याचं छोटं विमान, एक पायलट, आणि झेंडूच्या पाट्या घेऊन शेजारी बसलेला मालकाचा मेहुणा. विमान मांडवावर आलंच नाही, मागच्या डोंगरावर आदळलं. पायलट जागीच गेला, मेहुणा वाचला.

अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि जबाब घेत बसलो. एक म्हणे आवाज सिंहगडाकडून आला, दुसरा म्हणे छे, शहराकडून. तिसरा म्हणे, इंजिन झ्याक चालू हाय, पण ढगात तिथंच फिरतंय. सगळे शुद्धीत, आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. माझी मती गुंग झाली.

त्यात निनावी फोन आला, पायलट प्यायलेला होता म्हणून. दुपारी जमीनमालकही नेमकं तेच सांगून गेला. गुप्त खबर आणि तक्रारदार एकाच सुरात बोलू लागले की आम्ही पोलीस जरा जागे होतो. पायलटची बायको ठाण्यात आली. रडली नाही. "साहेब, ते दारूला शिवत नव्हते. गेले ते गेले, पण मुलीने हे ऐकत मोठं व्हायचं का?"

तपासणीत दारू निघाली नाही. मग घडलं काय? हवाई खात्याचा अधिकारी म्हणाला, हे विमान बाहेर बघून चालवायचं असतं. ढगात शिरलं की ते वळत असलं तरी आतल्याला सरळच चाललोय असं वाटतं. मला हे पटायला वेळ लागला. आणि पटल्यावर गोंधळ वाढलाच. इतकं ठाऊक असलेला माणूस ढगात शिरला कशाला?

इस्पितळात मेहुण्याला मी दारूचं विचारलंच नाही. परत फिरायचं कोण म्हणालं, एवढंच विचारलं. तो ढसाढसा रडला.

"तेच म्हणाले, पुढं दिसत नाही, परत जाऊ. मी म्हटलं, अहो, खाली गुरुजी खोळंबलेत. मुहूर्त टळला तर दाजी मला दारात उभं करणार नाहीत. ते हसले, बरं म्हणाले."

मुहूर्ताच्या हट्टावर बोट येऊ नये म्हणून तो निनावी फोनही दाजींच्याच माणसाने केला होता. त्या माणसाला मी झापलं. पण मेहुण्याला कुठलं कलम लावणार? आग्रहाला आपल्याकडे कलम नाही. आपण ताटात आग्रहाने वाढतो आणि नको म्हणणाऱ्याला शिष्ट ठरवतो. पुढे कुठल्याही तपासात, कुणाचा शब्द मोडवला नाही, हे मी आधी बघू लागलो.

पायलटच्या बायकोला सगळं सांगितलं.

"नाही म्हणणं त्यांना जमायचंच नाही," त्या म्हणाल्या. "बघायला आले तेव्हा मला तेच आवडलं होतं."